खरी वही कोणती?

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. गेल्या वर्षी जूनच्या बैठकीत थकबाकीची यादी वाचून दाखवली, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका वहिनींचं नाव आलं. दोन हप्ते थकले, दोन हजार रुपये. वहिनी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं गटाचं पासबुक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. एप्रिल आणि मे, दोन्ही हप्त्यांसमोर सही होती. माझीच!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई दवाखान्यात होत्या म्हणून वहिनींना दोन्ही बैठकींना येता आलं नव्हतं. त्यांनी पैसे माझ्या घरी आणून दिले, मी पासबुकात सही केली, घरच्या लॅपटॉपवर नोंद केली आणि पैसे बँकेत भरले. तरी पंधरा जणींसमोर त्या थकबाकीदार ठरल्या. शिवाय नवीन कर्जाच्या प्रस्तावातून त्यांचं नाव आधीच वगळलं गेलं होतं. ‘संगणकात नाही म्हणजे भरले नसतील,’ असं एकीने हळूच म्हटलंसुद्धा.

मग शोध घेतला. आमच्या हिशोबाची फाइल तीन ठिकाणी होती: वस्तीच्या संघाच्या कार्यालयात, माझ्या घरी आणि खजिनदार काकूंच्या मुलीच्या संगणकावर. ने-आण पेन ड्राइव्हने. नावं तरी काय! ‘हिशोब फायनल’, ‘हिशोब फायनल नवीन’, ‘हिशोब फायनल नवीन २’. मी माझी फाइल कार्यालयात नेऊन टाकली होती. त्यानंतर काकूंच्या मुलीने तिच्याकडची फाइल छापण्यासाठी उघडली आणि बंद करताना सवयीने सेव्ह केली. त्या फाइलमध्ये बैठकीत जमा झालेले हप्ते होते, वहिनींचे नव्हते. पण सेव्ह केल्यामुळे तिच्यावर ताजी तारीख पडली. ती कार्यालयात आली, तेव्हा संगणकाने विचारलं, जुन्या फाइलच्या जागी ही टाकू का? तारीख नवी दिसली, ‘हो’ म्हटलं. माझी नोंद पुसली गेली. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. तरी एका बाईची पत गेली.

मैत्रिणींनो, फाइलवरची तारीख म्हणजे ती शेवटची कधी जतन झाली ते. आतला मजकूर ताजा आहे की नाही, हे तारीख सांगत नाही. त्यातून जुन्या संगणकाच्या आतला छोटा सेल संपला, की त्याचं घड्याळही भलतंच साल दाखवतं. म्हणून तारखेवर विसंबून फाइल बदलणं म्हणजे वरचं लेबल पाहून डब्यातलं पीठ ओळखणं. आत काय आहे ते उघडून बघायलाच हवं.

ही अडचण फक्त आपल्यासारख्यांची नाही बरं का. अमेरिकेतल्या ड्रू ह्यूस्टन या तरुणाने सांगितलेली गोष्ट आहे. तो बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेन ड्राइव्ह घरीच विसरला. त्या वैतागातून २००७ साली ‘ड्रॉपबॉक्स’ची सुरुवात झाली. आज गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह हेही तेच काम करतात. एका संगणकावर फाइल बदलली, की इंटरनेटवरून तो बदल तुमच्या बाकीच्या संगणकांवर आपोआप पोहोचतो. पेन ड्राइव्हची पळापळ संपते.

पण हे यंत्र म्हणजे जादू नव्हे. इंटरनेट नसताना दोघींनी आपापल्या घरी एकाच फाइलमध्ये वेगवेगळे बदल केले, तर खरं कोणतं हे त्याला कसं कळणार? ड्रॉपबॉक्स अशा वेळी दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावापुढे तशी खूण करतं. त्या समोरासमोर ठेवून जुळवायचं काम माणसाचंच. दुसरं म्हणजे, एका ठिकाणी फाइल पुसली की सगळीकडून पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून सगळीकडे सारखी प्रत असणं वेगळं आणि जपून ठेवलेली प्रत असणं वेगळं. दोन्ही हवं.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही नियम केले. गटाचं स्वतःचं गूगल खातं उघडलं आणि हिशोबाचा एकच तक्ता त्यात ठेवला. लिहिण्याचा हक्क अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघींनाच, तोही प्रत्येकीच्या आपल्या खात्यातून. त्यामुळे कुणी कधी काय बदललं ते मागे जाऊन पाहता येतं. बाकीच्या जणी फक्त बघू शकतात. दुवा असलेल्या कुणालाही उघडता येईल अशी सोय आम्ही बंद ठेवली, कारण कुणाचं किती कर्ज आहे हे गावभर फिरायला नको. इंटरनेट नसेल त्या दिवशी नोंद कागदाच्या वहीत करायची, संगणकावर दुसरी प्रत काढायची नाही. महिनाअखेरीस तक्ता बँकेच्या पासबुकाशी ताडून बघायचा, छापून तिघींनी सह्या करायच्या आणि त्या महिन्याच्या नावाने एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवून तो कपाटात ठेवायचा. वहिनींचे पैसेही असेच सापडले. बँकेत दोन हजार जास्त दिसत होते, आमच्या तक्त्यात त्यांचा पत्ता नव्हता. ही ताडणी आम्ही मे महिन्यातच केली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आणखी एक गोष्ट. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते. ईमेल, फोटो आणि फाइल्स सगळं त्यातच मोजलं जातं. हळदीकुंकवाच्या फोटोंनी ती भरली, की नवीन काही चढत नाही. हिशोबाच्या खात्यात फोटो ठेवू नका.

आता माझं खरं म्हणणं. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा पहिलं उद्दिष्ट ५०० गटांचं होतं. २०१५ साली गटांच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी ‘ई-शक्ती’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. म्हणजे आपले हिशोब वहीतून पडद्यावर जाणारच आहेत, ते थांबणार नाही. पण पडद्याची किल्ली कुणाकडे आहे? किती तरी गटांत पासवर्ड सचिवांच्या मुलाला किंवा नवऱ्याला माहीत असतो. मुलगा शिकायला पुण्याला गेला की गटाचा हिशोब बंद! ‘मला त्यातलं काही कळत नाही बाई,’ असं आपण हसत हसत म्हणतो. मीही म्हणत होते. मी बी. ए. झालेली, तरी फाइल कशी न्यायची ते मुलालाच विचारत होते. ज्या बाया चुलीच्या धुरात बसून पै-पैचा हिशोब तोंडी ठेवतात, त्यांना एक तक्ता सांभाळता येणार नाही, हे मला मुळीच पटत नाही. दोन दुपारी शिकवलं, तर आमच्या खजिनदार काकू, वय एकसष्ट, स्वतः नोंद करू लागल्या.

कुणी म्हणेल, मग वहीच बरी होती. वही हवीच. वहिनींना त्या दिवशी वाचवलं ते हाताने सही केलेल्या पासबुकानेच. ते प्रत्येकीने आपल्याजवळ ठेवावं, कुणाकडे ठेवायला देऊ नये. पण वह्याही दोन झाल्या की असाच घोळ होतो. मुद्दा कागद की संगणक हा नाही. खरी नोंद एकच हवी, ती कोणती हे सगळ्यांना माहीत हवं आणि ती कुणी एकटीने बदलू नये, एवढाच आहे.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सगळ्यांसमोर वहिनींची माफी मागितली. प्रस्तावात त्यांचं नाव पुन्हा घातलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ताई, माझ्याकडे सही होती म्हणून बरं. जिच्याकडे नसेल तिचं काय?’

तुमच्या गटात, मंडळात, हिशोबाच्या किती प्रती आहेत, या दहा तारखेला जरा मोजून बघाल?