श्रीमंती आली म्हणून समता येत नाही

"आधी आर्थिक विकास होऊ द्या, सामाजिक समता मागाहून आपोआप येईल," असे आम्हाला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. असे सांगणाऱ्यांनी युरोपातील दोनच देशांचा इतिहास तपासावा.

फिनलंड हा शेतीवर जगणारा, रशियन झारच्या अमलाखालचा गरीब देश. १८६६-६८ च्या दुष्काळात तिथे लाखाहून अधिक माणसे मेली. पण १९०५ च्या सार्वत्रिक संपानंतर, १९०६ मध्ये, शेतमजुरांना आणि स्त्रियांनाही मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला. १९०७ मध्ये १९ स्त्रिया संसदेत गेल्या. १९४८ पासून शाळेत मुलांना मोफत जेवण मिळू लागले. फिनलंड श्रीमंत झाला तो यानंतर.

आता स्वित्झर्लंड पाहा. बँका, घड्याळे, यंत्रे, सारे काही होते. तरीही १९५९ मध्ये तेथील सुमारे दोन तृतीयांश पुरुष मतदारांनी स्त्रियांना मताधिकार नाकारला. देशपातळीवर तो मिळाला १९७१ मध्ये. आपेनझेल इनरऱ्होडन या प्रांतात तर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.

पैसा कमी नव्हता. पण हक्क द्यायचा की नाही, हे ठरवणारे ज्यांच्याकडे तो आधीच होता तेच होते! म्हणूनच बाबासाहेबांनी आपले हक्क बहुसंख्यांच्या मर्जीवर सोडले नाहीत, ते संविधानात लिहिले.

तेव्हा तरुणांनो, विकासदराचे आकडे कुणी तोंडावर फेकले, तर एकच विचारा: या विकासात निर्णय घेणारे कोण आणि आमचे त्यात किती?