बहिणीचा हिस्सा ही मेहेरबानी नव्हे

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्याच महिन्यात, २७ तारखेला, महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल गुंडाळले गेले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मुलीला वारसाहक्क, पत्नीला घटस्फोटाचा अधिकार आणि बहुपत्नीत्वाला बंदी हा त्या विधेयकाचा गाभा. खुद्द राष्ट्रपतींचाही त्याला विरोध होता. मुलीला शिकवायला तयार झालेला समाज तिला मिळकतीत वाटा द्यायला मात्र तयार नव्हता. ही तफावत आजही मिटलेली नाही.

समतेचे विचार शहरातल्या शिकलेल्या बायकांनी बाहेरून आणले, हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वबंदी या मागण्यांचे ठराव तिथे झाले. हिंदू विवाह कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी आला. या स्त्रियांनी दया मागितली नव्हती, कायद्याने मिळणारा हक्क मागितला होता.

तो हक्क टप्प्याटप्प्याने मिळाला. १९५६ च्या कायद्याने मुलगी वारस ठरली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तरीही वडील गेले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती राजीखुशीने सही करते, असे सांगतात. पण हिस्सा मागितला की माहेर तुटण्याची भीती असेल, तर त्या सहीला राजीखुशी कशी म्हणावी? लग्नात खर्च केला, हुंडा दिला, हे उत्तरही लंगडे आहे. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे आणि तो जातो सासरच्यांच्या हाती. राहिला जमिनीचे तुकडे होण्याचा मुद्दा. अल्पभूधारक शेतकऱ्याची ही चिंता खरी आहे; पण चार भावांत वाटणी होताना ती कोणी बहिणीच्या वेळेइतकी पुढे करत नाही. शिवाय सातबाऱ्यावर नाव राहिले म्हणून बांध घालावाच लागतो असे नाही. जमीन एकत्र कसून उत्पन्न वाटून घेता येते. नवरा गेलेल्या किंवा त्याने टाकलेल्या बाईला मात्र त्या एका नोंदीचा आधार असतो. म्हणून वारसनोंदीच्या वेळी भावांनी बहिणीकडे सही मागू नये; तलाठ्याकडे स्वतः जाऊन तिचे नाव लावून घ्यावे.