ओटीबरोबर तायी कार्डही हवं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मराठी घरात आहे तशी कन्नड घरातही. कुणी डोहाळजेवण म्हणतं, कुणी कुबस; इकडे बाळंतीण, तिकडे बाणंती. आपल्या सीमाभागात मात्र एक वेगळीच अडचण येते. सासर चंदगडला आणि माहेर बेळगावला, किंवा सासर निपाणीला आणि माहेर कागलला. मुलगी तासा-दोन तासांत येते, पण तिची कागदपत्रं दुसऱ्या राज्याची असतात.

बाळंतपणात बाई का दगावते, याची उकल करताना अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले. दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, तिथवर पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या उशिरामागे बहुतेक वेळा खर्चाची धास्ती असते. 'सकाळपर्यंत बघू' म्हणता म्हणता रात्र सरते. सरकारी योजनांचा खरा उपयोग ही धास्ती घालवण्यात आहे.

कर्नाटकात २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे २१३ मातांचे मृत्यू होत. २०१८-२० मध्ये हा आकडा ६९ वर आला. सुधारणा मोठी आहे. पण त्याच वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ३३ होता, हेही विसरून चालणार नाही.

आता हक्क समजून घेऊ. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडीही त्यात आली. दारिद्र्यरेषेची अट नाही.

खासगी दवाखान्याची गोष्ट वेगळी. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पण तातडीची वेळ सोडली, तर अनेक उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेची मर्यादाही २०२४ पासून पाच लाख झाली. दोन्हीकडे रेशनकार्ड लागतं, आणि घोळ होतो तो तिथंच. लग्नानंतर मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून निघतं, सासरच्या कार्डावर चढवायचं मात्र राहून जातं.

म्हणून सातवा महिना लागण्याआधी दोन्ही घरच्या मोठ्यांनी एवढं करावं. मुलीचं नाव सासरच्या रेशनकार्डावर आहे ना, ते बघावं. तायी कार्ड, किंवा महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड, तिच्यासोबत पाठवावं. माहेरी आल्याबरोबर तिथल्या आशाताईकडे नाव नोंदवावं. कोणत्या दवाखान्यात तिचं कार्ड चालेल, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. आणि रक्तस्राव झाला, झटके आले किंवा डोकं असह्य दुखू लागलं, तर कागद शोधत न बसता १०८ ला फोन करावा. हा नंबर दोन्ही राज्यांत एकच आहे.

सुनेची ओटी भरून तिला माहेरी धाडताना आपण साडी, नारळ, खण काहीच विसरत नाही. त्याच पिशवीत ही दोन कार्डं घालायला कितीसा वेळ लागतो?