मूठ सैल झालेल्या तलवारी

१/
पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत परतली. एप्रिलमधील लिलावात राज्य शासनाने तिच्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजले होते. पाते युरोपीय आणि एकधारी, पाठीवर सोन्याने कोरलेले रघूजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी, मूठ मुल्हेरी घाटाची. चर्चा झाली ती सोन्याची आणि किमतीची. मुठीच्या मुसुमेवर, म्हणजे बोटांच्या पकडीत येणाऱ्या भागावर, हिरवे कापड गुंडाळलेले आहे, याचा उल्लेख बातम्यांत एका ओळीपुरताच आला.

२/
हा धागा त्या एका ओळीचा आहे. तलवारीचे पाते शतके टिकते. मुठीवरचे कापड, दोरा, चामडे, आतली गादी आणि लाख मात्र टिकत नाही. ते कोणीतरी पुन्हा पुन्हा बदललेले असते. तो बदलणारा माणूस आज महाराष्ट्रात शोधायचा तर कुठे शोधावा?

३/
या प्रश्नाचे सर्वांत शिस्तबद्ध उत्तर जपानने दिले आहे. तिथली मूठ लाकडाची असते. ‘होनोकी’ या मऊ लाकडाचे दोन अर्धे भाग भाताच्या खळीने जोडतात, त्यावर पाकट माशाची खरखरीत कातडी चढवतात आणि वरून रेशमी किंवा सुती फीत आडवीतिडवी गुंडाळतात. प्रत्येक वेढ्याखाली कागदाच्या लहान घड्या बसवलेल्या असतात, म्हणून शंकरपाळ्यासारखे चौकोन मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे उमटतात. या गुंडाळणीला ‘त्सुकामाकी’ म्हणतात आणि ती करणारा कारागीर वेगळा असतो. पाते घडवणारा वेगळा, पाजळणारा वेगळा, म्यान करणाराही वेगळा.

४/
संपूर्ण मूठ पात्याला धरून राहते ती बांबूच्या एका खुंटीवर. खुंटी ठोकून काढली की मूठ निघते. फीत झिजणार, घामाने कुजणार, हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे. मात्र मुठीच्या आत लपणाऱ्या पात्याच्या देठावरचा गंज कोणीही घासत नाही. लोहाराची सही तिथे असते आणि गंजाचा रंग पात्याचे वय सांगतो. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याची सीमारेषा त्या परंपरेने स्वच्छ आखलेली आहे.

५/
जपानची ही परंपरा अखंड सुखात राहिली असेही नाही. १८७६ च्या फर्मानाने सामुराईंना उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि कारागिरांचे पोट गेले. १९४५ नंतर अमेरिकी ताबेदारांनी तलवारी जप्त केल्या. तरीही १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. तिने पात्यांबरोबर कारागिरीचीही कदर केली, म्हणून आज तिथे फीत गुंडाळणारा माणूस सापडतो.

६/
आता आपली मूठ. ती बहुधा लोखंडाची, घडीव, बोटांच्या रक्षणासाठी परज असलेली. पात्याचा देठ आखूड असतो. तो मुठीच्या खोबणीत घालून लाख किंवा राळ, तीत बारीक भुकटी मिसळून, ओतत. खुंटी सहसा नसते. परजेच्या आतल्या बाजूला कापूस भरलेली मखमली गादी आणि पकडीवर कापड किंवा दोरा असे. दीड-दोनशे वर्षांत लाख ठिसूळ होते आणि मूठ खुळखुळू लागते. घराघरांतल्या तलवारींचे पहिले दुखणे हेच.

७/
उपाय जुना आणि साधा आहे: मूठ मंद आचेवर तापवायची, लाख वितळली की पाते ओढून काढायचे, खोबण साफ करून नवी लाख भरायची. लाख ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. पोलादाचे पाणी उतरू लागते ते साधारण दोनशे अंशांच्या पुढे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळे कसब आहे. गॅसच्या भडक ज्योतीपुढे मूठ धरणारा वेल्डर ते अंतर क्षणात ओलांडतो. पोलादही जाते आणि मुठीवरची कोफ्तगारीही, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची तार.

८/
हे कसब ज्याचे होते तो शिकलगार. अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून चकाकी आणणे, यावरून फारसीमार्गे हा शब्द आपल्याकडे आला. धार, झिलई, मूठ, म्यान ही कामे बहुधा त्याच्याच दुकानात होत. महाराष्ट्रात मुस्लिम शिकलगार आहेत, नांदेड-नागपूरकडे शीख सिकलीगर आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाच्या हातातले शस्त्र काढले, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईकच संपले. पुढे त्यांनी कात्र्यांना धार लावली, कुलपे दुरुस्त केली, बादल्या नि कढया घडवल्या. शस्त्राशी नाते सांगणारी जात म्हणून पोलिसांची नजर मात्र मागे राहिलीच. शिवकालीन शस्त्रांच्या प्रदर्शनाला रांगा लावणाऱ्या समाजाने ज्यांच्या पूर्वजांनी ती शस्त्रे वापरण्याजोगी ठेवली त्यांच्याकडे संशयाने पाहावे, ही विसंगती कोणाला फारशी बोचत नाही.

९/
वर्धा जिल्ह्यातले सेलू (परभणीचे नव्हे) या बाबतीत उद्बोधक आहे. नागपूर-वर्धा वाटेवरचा हा मुलूख भोसल्यांच्या राज्यातला. केळझरचा किल्ला याच तालुक्यात. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, मालगुजारी आली आणि १९५१ मध्ये तीही गेली. अशा भागातल्या जुन्या वाड्यांत देवघराशेजारी एखादी तलवार असतेच आणि खंडेनवमीला ती बाहेर निघते. मूठ हलते, मग घरचेच कोणी इपॉक्सी भरते. गादी विटली, तर लाल रेक्झिन चिकटते. पॉलिश पेपरने घासून सोनेरी रंग फवारला की तलवार ‘नवी’ होते.

१०/
हा श्रद्धेचा दोष नव्हे. जवळ कारागीर नाही, आणि परगावी पाठवायची तर शस्त्र अधिनियम १९५९ ची भीती. परवाना लागेल का, वाटेत अडवतील का, हे स्पष्ट सांगणारे कोणी नसते. कारागिरालाही दुसऱ्याची तलवार दुकानात ठेवण्याचे धैर्य होत नाही. जतनासाठी दिलेल्या जुन्या शस्त्राची पावती पोलीस ठाण्यात नोंदवून घेण्याची सोपी पद्धत शासनाने ठरवली, तर अर्धी अडचण दूर होईल.

११/
संग्रहालयशास्त्राचा एक आक्षेप इथे रास्त आहे: जुने कापड हाही पुरावा आहे, त्याला हात लावू नये. रघूजींच्या तलवारीपुरते ते शंभर टक्के खरे. तिचे हिरवे कापड विरले, तरी ते सांभाळायचे. नवे गुंडाळायचे नाही. पण सर्वच तलवारींना हा नियम लावून कारागीर नकोच असे म्हणणे आततायीपणाचे ठरेल. कारण जुने कापड न फाडता सैल मूठ बसवायलाही जाणता हातच लागतो आणि तो हात रोजच्या कामातूनच तयार होतो. मर्दानी खेळाच्या तलवारी, प्रतिकृती, आधीच इपॉक्सीने बिघडलेल्या मुठी: शिकण्यासाठी एवढे काम भरपूर आहे.

१२/
हे काम वर्ध्यात व्हावे, हे ऐकायला विचित्र वाटेल, जिल्हा गांधींचा. पण मरू घातलेली ग्रामीण कारागिरी जिवंत ठेवण्याचा अनुभव याच जिल्ह्यात सर्वांत जुना आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथे स्थापन झाला, मगन संग्रहालय १९३८ मध्ये उघडले, आणि मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. लाखेचे मिश्रण, आचेचे मोजमाप, गादीचे शिवणकाम ही तिथे शिकवण्याजोगी कौशल्ये आहेत. मात्र शिकवणारे शिकलगार असावेत आणि त्यांना मानधन मिळावे. पदवीधरांनी त्यांची मुलाखत तेवढी घेऊन जाऊ नये.

१३/
तोवर घरातल्या तलवारीपुरते एवढे पुरे: येत्या खंडेनवमीला ती पुसण्याआधी मुठीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पात्याला अगदी पातळ तेलाचा हात फिरवावा; मुठीच्या सांध्यात तेल जाऊ देऊ नये. गादीतून कापूस बाहेर आला असेल, तर फेकू नये. कागदाच्या पाकिटात घालून वर तारीख लिहावी आणि पाकीट तलवारीसोबतच ठेवावे.