रिपोर्टवरची तारीखही वाचा

विक्रोळीत आमच्या आसपास निकाहची बोलणी सुरू झाली की काही घरांतून आता एचआयव्हीचा रिपोर्टही मागितला जातो. मागणी रास्त आहे, पण ती मुलगा आणि मुलगी दोघांसाठी हवी. अडचण पुढची आहे. कागद हातात येताच आपण 'निगेटिव्ह' किंवा 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द वाचतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. चाचणी केव्हा आणि कशी घेतली हे कळल्याशिवाय निकालाला अर्थ नसतो, हे आमच्या कामात रोज दिसते. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच चाचणीत सापडत नाही. या मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचणीला १८ ते ४५ दिवस. म्हणून गेल्या आठवड्यात धोका घडला असेल, तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट त्याबद्दल काहीच सांगत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मात्र ७२ तास उलटले नसतील तर थेट डॉक्टर गाठा. संसर्ग रोखण्यासाठी २८ दिवसांची औषधे देता येतात.

पॉझिटिव्हचेही गणित आहे. समजा, १०,००० जणांत २० बाधित आहेत आणि चाचणी दर १,००० निरोगींपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तर २० खऱ्यांसोबत सुमारे ५० खोटे पॉझिटिव्ह निघतील. म्हणूनच सरकारी केंद्रांत तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्के धरतात. एका लॅबच्या एका कागदावर निकाह मोडणे हा अन्याय आहे.

निदान पक्के झाले तरी आयुष्य थांबत नाही. सरकारी एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

२०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीसाठी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली आहे. तेव्हा हा रिपोर्ट खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची चीज नाही. तो त्या दोघांनी समुपदेशकासमोर बसून समजून घ्यावा. आपल्याला जवळचे म्हणजे घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय. तिथे चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे. विचारायला संकोच वाटला तर १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

पुढच्या वेळी कुणी रिपोर्ट पुढे केला, तर आधी तारीख पाहा आणि चाचणी कोणती ते विचारा. चारित्र्याचा निवाडा त्या कागदात शोधू नका. तो तिथे लिहिलेलाच नसतो.