चर्चच्या दारात थांबलेले आपण

शहापूर-मुरबाडकडून वसईला, गोव्याला सहलीच्या बस जातात. किल्ला, समुद्र, चर्च असा क्रम ठरलेला. चर्च आलं की बसमधली आपली माणसं खाली उतरतात, पण आवारातच थांबतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "आपल्याला आत जायला मनाई आहे."

मला हे उत्तर पटत नाही. मूर्ती, चित्रं असलेल्या प्रार्थनास्थळात जाण्याबद्दल फिक्हमध्ये मतभेद आहेत. काही उलेमा ते मकरूह मानतात, काही परवानगी देतात. आपल्या आलिमांचं ऐकून ज्याला बाहेर राहायचं असेल, त्याने खुशाल राहावं. पण मतभेदाचा मसला सरसकट हराम म्हणून पोरांच्या गळी उतरवू नये. बघायला जाणं वेगळं, इबादत वेगळी.

हजरत उमर (रजि.) यांनी जेरुसलेमच्या चर्चमध्ये नमाज पढली नाही, हा दाखला हमखास दिला जातो. पण का पढली नाही? इतिहासकार लिहितात की पॅट्रिआर्क सोफ्रोनियस यांच्यासोबत ते चर्चमध्ये गेले होते. नमाजची वेळ झाली, इथेच पढा असा आग्रह झाला. पुढे मुसलमानांनी त्या जागेवर हक्क सांगू नये म्हणून ते बाहेर आले. हा दाखला चर्च टाळण्याचा नाही, चर्च जपण्याचा आहे. आजही त्या चर्चची किल्ली जूदेह या मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान नुसैबा या मुस्लिम घराण्याचा आहे. सूरह हजमध्ये (22:40) मशिदींसोबत चर्चच्या रक्षणाचाही उल्लेख आहे. आणि कुरआनची एकोणिसावी सूरह तर हजरत मरियम यांच्याच नावाची आहे.

दुसरी गोष्ट गाईडची. वसईत तो चिमाजी आप्पांची 1739 ची मोहीम सांगतो, पडक्या भिंती दाखवतो, फोटोसाठी दहा मिनिटं देतो. ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज, एवढंच घेऊन आपण परततो. मुसलमान म्हणजे मोगल असं कुणी म्हटलं की मात्र आपल्याला झोंबतं.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत वसई आणि आपण एकाच ठाणे जिल्ह्यातले. तिथे मराठीत मिस्सा होते, 'सुवार्ता' हे मासिक मराठीत निघतं. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला. मराठीत लिहूनही मराठीपण सिद्ध करत बसायचं, हा अनुभव आपल्याला नवा आहे का? हा माणूस आपला सख्खा शेजारी, आणि आपण त्याच्या दाराबाहेर उभे!

आपण 'मस्जिद परिचय' ठेवतो. हिंदू, ख्रिस्ती शेजाऱ्यांना म्हणतो, या, आत बघा, गैरसमज दूर होतील. ते चपला काढून येतात, शांत बसतात, प्रश्न विचारतात. हाजी मलंगला इतर धर्माचे लोक येतात, हे आपण अभिमानाने सांगतो. मग हा रस्ता एकाच बाजूने चालू ठेवायचा?

पुढच्या सहलीला गाईडकडे दहा मिनिटांऐवजी तासभर मागा. चर्चमध्ये आधी फोन करून विचारा, मिस्साच्या वेळी फोटो काढू नका, मागच्या बाकावर अदबीने बसा. नंतर तिथल्या माणसांशी बोला, मराठीतच. ईमान शाबूत ठेवून शेजाऱ्याच्या घरी जाता येतं.