खताची खेप आणि ट्रॉलीची चासी

थंड हवेच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरतात. ते खारे पाणी उडून मालमोटारींच्या चासीला गंज चढतो, म्हणून जाणते वाहनधारक हिवाळाभर गाडीचा तळ धुऊन काढतात. आपल्याकडे रस्त्यावर मीठ पडत नाही; परंतु खते वाहणाऱ्या ट्रॉलीवर हीच आपत्ती ओढवते. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते मिठाचेच भावंड होय.

लोखंड गंजण्यास पाणी व हवा पुरेशी असतात. पाण्यात क्षार विरघळले की त्याची वीजवाहकता वाढते आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. शिवाय युरियासारखी खते दमट हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे पाऊस उघडला तरी फटीत सांडलेले खत लोखंडाला ओलेच ठेवते.

दसऱ्याला रंगाचा हात फिरविला की काम झाले, अशी समजूत आढळते. ती घातक आहे. क्षारावर दिलेला रंग फुगतो व त्याखाली गंज निर्वेधपणे वाढतो. आधी धुणे, मग रंगविणे, हाच क्रम योग्य होय.

खेप उतरताच ट्रॉली कोरडी झाडावी. म्हणजे धुण्यास पाणीही थोडे लागते. नंतर खालच्या बाजूने सांधे, पाटे व आडव्या पट्ट्यांवर जोराची धार मारावी. निचऱ्याची छिद्रे मोकळी करून ट्रॉली उन्हात वाळवावी. धुण्याची जागा विहिरीपासून दूर असावी. गंजलेला भाग तारेच्या ब्रशाने घासून, धुऊन व वाळवून त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत. जळके तेल फासू नये. ते गळून माती व पाणी बिघडते.

पेरणीच्या धांदलीत एवढी सवड कोणाला, असे कोणी म्हणेल. परंतु गंजाने झिजलेला हूक उसाने भरलेल्या ट्रॉलीसह चढावर तुटला, तर मागून येणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते. त्यापुढे अर्ध्या तासाची किंमत ती काय?

अनेक ट्रॉल्या भाड्याने फिरतात. भाडेकरी मालकावर विसंबतो आणि मालक भाडेकऱ्यावर. ट्रॉली मात्र न धुताच राहते. म्हणून ट्रॉली धुऊन परत करण्याची अट भाडे ठरवितानाच घातली पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही खताची मात्रा सांगताना, खत वाहिलेले लोखंड धुण्याची गोष्ट त्याच बैठकीत सांगावी.